वानगी आणि माल : समाजमाध्यमांवरील व्यापाराचा विचार

व्यापार हा मुळात विश्वासाचा व्यवहार आहे, आणि धान्याच्या व्यापारात तर याचा प्रत्यय पदोपदी येतो. शंभर पोत्यांचा सौदा ठरतो तो पोते टोचून काढलेल्या मूठभर दाण्यांवर. ही मूठ म्हणजे वानगी. वानगी पाहून भाव ठरतो, शब्द दिला जातो, आणि माल उतरून घेताना तो वानगीबरहुकूम निघाला म्हणजे पेढीची पत वाढते. तसा न निघाल्यास पुढील हंगामात दलालही त्या पेढीचा उंबरा चढताना दोनदा विचार करतो. हा नियम कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. बाजाराने तो पिढ्यानपिढ्या पाळला म्हणूनच तो टिकला.

सांप्रत मोबाईलच्या पडद्यावर मालाची जी चित्रे दिसतात, त्यांखाली जो मजकूर लिहिला जातो आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांस जी उत्तरे दिली जातात, ती सर्व आमच्या मते नव्या काळाची वानगीच होय. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यू-ट्यूब ही नावे आता घराघरांत परिचयाची झाली आहेत. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवर नियमाने लिहिलेली, कोणासही वाचता येईल अशी आपल्या धंद्याची टिपणवही. या साधनांचा उपयोग लहान व्यापाऱ्याने कसा करावा आणि कोठे जपून राहावे, याविषयी चार गोष्टी सभासद बंधुभगिनींपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

हा विषय आम्ही का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते आणि आयुष्य घाऊक धान्याच्या पेढीवर गेलेले. परंतु घाऊक व्यापाऱ्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे किरकोळ दुकानदार. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, खानापूर येथील दुकानदार माल उचलतील तेव्हा आमचे पोते हलणार. अलीकडे या दुकानदारांच्या तोंडी एकच तक्रार ऐकू येते. महिन्याची यादी घेऊन येणारी कुटुंबे आता अर्धी यादी मोबाईलवरून दूरच्या कंपन्यांकडे पाठवितात, आणि दुकानाची आठवण होते ती एखादा जिन्नस अचानक संपला म्हणजे, तोही बहुधा उधारीवर. शिकलेल्या मुलास गादीवर बसणे नकोसे वाटते. तीन पिढ्यांनी जोपासलेले दुकान चौथ्या पिढीत दुसऱ्यास भाड्याने देण्याचा विचार काही घरांत चालू आहे. किरकोळ दुकानाची फळी कायमची लागली की घाऊक पेढीचेही एक दार बंद होते. यास्तव हा प्रश्न आमच्याही पोटाचा आहे.

बेळगावचे एक जुने उदाहरण

साधने नवी असली तरी त्यांमागील विचार आपल्या बेळगावास अपरिचित नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली आणि १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, परंतु लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल तयार, आणि गिऱ्हाइकाचे मन तयार नाही, असा तो पेच होता. आज एखादा तरुण आपल्या मालाचे चित्र इन्स्टाग्रामवर टाकून आठ दिवसांत मागणी आली नाही म्हणून निराश होतो, त्याने हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा.

१९१० साली कारखाना औंध संस्थानात, ज्यास आपण आज किर्लोस्करवाडी म्हणतो तेथे गेला. तेथून शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस व अडत्यांस पोहोचावी, हा त्याचा मूळ हेतू. पुढे त्यात इतर वाचनीय मजकूर येऊ लागला आणि ‘किर्लोस्कर’ या नावाने ते मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले. त्याच्या पाठोपाठ १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगर करणाऱ्या कारखान्याने घरोघरी वाचन पोहोचविले, आणि वाचणाऱ्यांच्या मनात कारखान्याचे नाव घर करून राहिले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ‘किर्लोस्कर खबर’ हा शंभर वर्षांपूर्वीचा ब्लॉगच होता. लेखणी आणि तागडी एका हाती धरणे आपल्या समाजासही नवे नाही. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८५ साली ‘जैन बोधक’ मासिक काढले, ते व्यापार सांभाळूनच.

शंकररावांस कागद, शाई, छपाई आणि टपालहशील या सर्वांचा खर्च सोसावा लागला. आजच्या लहान दुकानदारास तो खर्च जवळजवळ नाही. खर्च कमी झाला म्हणून काळजीही कमी झाली तर मात्र साधन असून नसल्यासारखे होईल.

काळ कसा पालटला

२०१६ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये यू.पी.आय. पद्धतीने मोबाईलवरून पैसे देण्याघेण्याची सोय सुरू झाली, आणि सप्टेंबरमध्ये जिओच्या आगमनाने इंटरनेट अतिशय स्वस्त झाले. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने व्यापाऱ्यांसाठी वेगळी सोय भारतात आणली. तीत दुकानाचे नाव, पत्ता व वेळ देता येते आणि पुढे मालाची सचित्र यादीही लावता येऊ लागली. चहाची टपरी काय आणि सराफी पेढी काय, दोहोंच्या हाती एकच साधन आले.

त्याची खरी कसोटी लागली ती मार्च २०२० च्या टाळेबंदीत. ज्या दुकानदाराजवळ आपल्या गिऱ्हाइकांचे क्रमांक नीट लिहिलेले होते, त्याने याद्या मोबाईलवर मागविल्या आणि माल घरपोच केला. ज्याजवळ ते नव्हते, तो अर्धी फळी उघडून वाट पाहत बसला. २०२१ साली निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर तपासणीचे दाखले पाहिल्यावाचून माणसास पलीकडून येता येत नव्हते. याद्या आणि पैसे मात्र मोबाईलवरून तो नाका निर्वेध ओलांडत होते. सीमेवर राहून दोन्ही बाजूंस व्यापार करणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावरून जो बोध घ्यावयाचा तो घेतलाच असेल.

वानगी कशी असावी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला नियम असा की चित्र आपल्याच मालाचे असावे. इंटरनेटवरील दुसऱ्या कोणाचे चकचकीत चित्र उचलून आपल्या तांदळाखाली लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोत्यातून वानगी काढून आपले पोते विकणे होय. अशा व्यवहारात पहिले गिऱ्हाईक मिळते आणि दहावे गमावले जाते. कारण पूर्वी फसलेले गिऱ्हाईक गल्लीत चार जणांस सांगे, आता ते एका रात्रीत चारशे जणांस सांगते.

दुसरा नियम मजकुराचा. ‘उत्तम प्रतीचा तांदूळ, वाजवी भाव’ एवढे लिहिल्याने काहीच कळत नाही. असे तर प्रत्येक दुकानाच्या पाटीवर लिहिलेले असते. पीक कोणत्या हंगामाचे, तांदूळ नवा की जुना, कणी किती, शिजविताना पाणी किती घालावे, भात मोकळा होतो की आसट, हे लिहावे. जुन्या दुकानात गिऱ्हाइकाने हातावर दाणे घेऊन विचारलेले प्रश्न हेच असत. पडद्यावर दाणा हाती घेता येत नाही, म्हणून त्याचे उत्तर शब्दांनी द्यावयाचे. ब्याडगी मिरची रंगास आणि संकेश्वरी तिखटास, हे आपल्याकडे स्वयंपाकघरातील प्रत्येकीस ठाऊक आहे. पुण्यात वा बंगळूरात नव्याने संसार थाटलेल्या मुलीस ते ठाऊक असेलच असे नाही. तिला दोन्ही मिरच्यांचे प्रमाण सांगणारा परिच्छेद लिहा. मिरची ती मागून तुमच्याकडूनच मागवील.

तिसरा नियम भाषेचा. आपल्या भागात एकाच दुकानाच्या पायरीवर मराठी, कानडी, उर्दू आणि हिंदी बोलली जाते, आणि चांगला दुकानदार ज्याच्या त्याच्या भाषेत उत्तर देतो. हेच पडद्यावरही करावे. मराठी मजकुराखाली चार ओळी कानडीत लिहिल्याने कोणाचे काही उणे होत नाही, आणि गिऱ्हाईक दुप्पट होते.

चौथा नियम सातत्याचा. सणापुरते दहा चित्रे टाकावयाची आणि मग तीन महिने मौन, हे दुकान मनास येईल तेव्हा उघडण्यासारखे आहे. आठवड्यातून एकदाच लिहा, पण ठरल्या वारी लिहा. समाजमाध्यमावरील मजकूर दोन दिवसांत खाली दबून जातो. ब्लॉगवरचा लेख मात्र वर्षानंतरही शोधणाऱ्यास सापडतो. यास्तव रोजचा भाव व्हॉट्सॲपवर सांगावा आणि टिकाऊ माहिती ब्लॉगवर ठेवावी. सुगीनंतर ज्वारी वर्षभर कशी साठवावी, गुळाची परीक्षा कशी करावी, डाळींस कीड लागू नये म्हणून काय करावे, हे ज्ञान आपल्या घरांत पडून आहे. ते लिहिण्यास कोणत्याही पदवीची गरज नाही.

नावाची किंमत

मालाच्या नावाविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. आपल्या बाजारात ‘बेळगाव बासमती’ हा शब्द आपण पूर्वापार सुवासिक तांदळासाठी वापरीत आलो. २०१६ साली ‘बासमती’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले, ते हिमालयाच्या पायथ्यालगतच्या उत्तरेकडील प्रदेशासाठी. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावासही २०१४ साली असे मानांकन मिळाले. गल्लीतील बोलणे वेगळे आणि देशभर दिसणाऱ्या पडद्यावर लिहिणे वेगळे. म्हणून आपला तांदूळ आपल्या गावाच्या व जातीच्या नावाने, आणि निपाणी भागातील गूळ निपाणीच्याच नावाने विकावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. दुसऱ्याच्या नावावर विकलेल्या मालाने दुसऱ्याचे नाव मोठे होते. गोकाकचा करदंट आणि बेळगावचा कुंदा यांनी गावाचे नाव धरून ठेवले, म्हणून परगावचा पाहुणा आजही ते नाव घेऊन विचारीत येतो.

नावाची ही किंमत जगाने नुकतीच पाहिली. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली जे मानांकन जाहीर झाले, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर आपल्या बेळगावसह कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घडणीच्या चपला प्रदर्शनात मांडल्या आणि मूळ कारागिरांचा नामोल्लेखही केला नाही. भारतातील लोकांनी समाजमाध्यमांवर आक्षेपांची झोड उठविली. काही दिवसांतच त्या कंपनीस आपली प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य करावे लागले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला. चामड्याचा धंदा आपल्या सभासदांचा नव्हे. तथापि त्यातील बोध सर्वांसाठी आहे. दूरदेशीच्या धनाढ्य कंपनीस उत्तर देण्यास भाग पाडले ते सामान्य माणसांच्या लिहिण्याने. आणि नाव नोंदलेले होते, म्हणूनच त्या लिहिण्यास आधार मिळाला.

भाड्याची जागा

या साधनांचे गुण सांगितले, तशी त्यांची एक मोठी उणीवही सांगणे कर्तव्य आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम वा व्हॉट्सॲपवरील आपले दुकान ही भाड्याची जागा आहे. भाडे पैशाने द्यावे लागत नाही, म्हणून ती आपली आहे असा भ्रम होतो. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षिततेची होती आणि त्यांविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु ज्यांनी आपली सारी ओळख त्या एकाच जागी बांधली होती, त्यांचे दुकान एका रात्रीत नाहीसे झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही सुमारे सहा तास जगभर बंद पडली. तितका वेळ ज्यांचा धंदा केवळ त्यांवर होता, त्यांनी हात चोळीत बसावे एवढेच उरले.

आपल्या वडीलधाऱ्यांनी दुकान भाड्याच्या जागेत थाटले तरी खतावणी घरच्या तिजोरीत ठेवली. तोच परिपाठ येथे चालवावा. गिऱ्हाइकाचे नाव, क्रमांक, गाव, त्याने काय व केव्हा घेतले आणि कोणता माल परत केला, याची नोंद आपल्या वहीत अथवा आपल्या संगणकात स्वतंत्र ठेवावी. ही नोंद गिऱ्हाइकाच्या संमतीने घ्यावी आणि दुसऱ्यास कदापि विकू नये. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, आणि कायदा नसता तरी गिऱ्हाइकाची गोष्ट चव्हाट्यावर न नेणे हा पेढीचा धर्मच आहे. ऐपत असेल त्याने आपल्या नावाचे छोटे संकेतस्थळ करून ब्लॉग तेथे ठेवावा. समाजमाध्यमे ही त्या घराकडे वाट दाखविणारी पाटी समजावी.

कायदा आणि सावधगिरी

जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली ऑनलाईन व्यापाराचे नियम लागू झाले. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या मालाची स्तुती लिहू नये, असे त्यांत स्पष्ट सांगितले आहे. बाजारात भाड्याचे गिऱ्हाईक उभे करून बोली चढविणाऱ्यास आपण काय म्हणतो, हे सांगावयास नको. खोटे अभिप्राय विकत देणारे लोक हल्ली पुष्कळ भेटतात, त्यांस दारातूनच परत पाठवावे. तक्रार आल्यास ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असा दंडकही त्या नियमांत आहे. खाद्यपदार्थ घरी करून विकणाऱ्यांनीही अन्नसुरक्षा खात्याकडे नोंदणी केली पाहिजे, आणि तो क्रमांक बिलावर छापणे जानेवारी २०२२ पासून आवश्यक झाले आहे. पाकिटावर वजन, किंमत आणि बनविणाऱ्याचा पत्ता हवा, हे तर आपण जाणतोच.

फसवणुकीविषयी दोनच सूचना. पैसे येण्यासाठी आपला गुप्त पिन कधीही द्यावा लागत नाही. जो मागेल तो चोर समजावा. आणि कोणी आपल्या दुकानाचे नाव व चित्र वापरून खोटे पान काढले, तर ताबडतोब आपल्या सर्व गिऱ्हाइकांस कळवावे, त्या माध्यमाकडे तक्रार करावी, आणि पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विलंब न लावता नोंद करावी. अशा वेळी लपवाछपवी केल्याने पत जाते, सांगितल्याने वाचते.

घरातील सहकार्य

या व्यापारात आपल्या घरांतील स्त्रियांस मोठा वाव आहे. कांदालसूण न घातलेला मसाला, चटण्या, पापड, सांडगे, उपवासानंतरच्या पारण्याचे जिन्नस, हे सर्व आपल्या घरांत नित्य होते. पुणे, मुंबई, बंगळूर येथे आणि परदेशी गेलेल्या कुटुंबांस ते हवे असते आणि विश्वासाच्या घरचे हवे असते. माल सासूबाईंच्या हातचा, मजकूर सुनेचा आणि हिशेब मुलाचा, अशी वाटणी झाली तर ज्या मुलास गादी नकोशी वाटते, तोच मोबाईल हाती घेऊन गादीशेजारी बसू लागेल. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत. तेथे उलाढाल अद्याप लहान आहे, परंतु दुकान भाड्याने देण्याची भाषा बंद झाली आहे.

संघटनेपुढेही आमची एक नम्र सूचना आहे. दरमहा एक संध्याकाळ ठरवून तरुण सभासदांनी वडीलधाऱ्यांस मोबाईलवरील मांडणी शिकवावी, आणि वडीलधाऱ्यांनी तरुणांस मालाची पारख शिकवावी. एकास पडदा कळतो, दुसऱ्यास दाणा कळतो. दाण्याची पारख नसलेल्याने लिहिलेला मजकूर पोकळ वाटतो, आणि पडद्याची ओळख नसलेल्याची पारख आता दुकानाच्या चार भिंतींबाहेर जात नाही.

भाव पाडण्याच्या चढाओढीत आपण मोठ्या कंपन्यांपुढे टिकणार नाही, हे उघड आहे. त्यांची गोदामे मोठी आणि तोटा सोसण्याची ताकदही मोठी. परंतु निपाणीच्या दुकानदारास आपल्या गिऱ्हाइकाच्या घरी माणसे किती, आजींस भात मऊ लागतो की मोकळा, आणि पंक्तीसाठी तांदूळ किती लागेल, हे ठाऊक असते. हे ज्ञान विकत मिळत नाही. ते लिहून ठेवणे, आणि त्यास जागून माल देणे, एवढे आपल्या हाती आहे.

येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी नेहमीच्या वह्यांबरोबर आणखी एक वही पाटावर ठेवावी. मोबाईलवरून माल मागविणाऱ्या गिऱ्हाइकांची नावे तीत लिहावीत, आणि वर्षअखेर त्यांतील किती जण दुसऱ्यांदा आले ते मोजावे. किती जणांनी चित्र पाहिले, हा आकडा पडदा दाखवितो. दुसऱ्यांदा किती आले, हा आकडा फक्त आपल्या वहीतच सापडेल.